सहलीची पूर्वतयारी

‘सहल’ हा शब्द कानी पडताच कोणाचेही मन प्रफुल्लित होते. रोजचे घर, रोजची शाळा आणि रोजचा रस्ता सोडून झाडांच्या सावलीत चार घटका घालवाव्यात, आपल्या माणसांसमवेत बसून शिदोरी सोडावी, ही हौस फार जुनी आहे. आपल्याकडे कार्तिक महिन्यात आवळीभोजनाची चाल आहे. पाऊस सरलेला असतो, जमीन वाळलेली असते आणि ऊन अजून कडक झालेले नसते. अशा दिवसांत घरची मंडळी आवळीच्या झाडाखाली जमून एकत्र जेवतात. आजची सहल हे त्या वनभोजनाचेच धाकटे भावंड होय.

परंतु हौसेने निघालेली सर्वच मंडळी संध्याकाळी आनंदाने परततात असे नाही. कोठे भर दुपारी पाणी संपते, कोठे डब्यातील भाजी आंबते, तर कोठे परतीची गाडी चुकते. याचे कारण शोधू गेल्यास ते बहुधा आदल्या दिवसांत सापडते. कोठे जावयाचे आणि काय खावयाचे, एवढ्या दोनच गोष्टी ठरवून आपण मोकळे होतो. आणखीही काही गोष्टी ठरवाव्या लागतात. त्या कोणत्या, हे आपण एका उदाहरणाने पाहू.

सातवीच्या वर्गातील तीस मुलेमुली दोन शिक्षकांसह माथेरानला रविवारी सकाळी जाऊन संध्याकाळी परतणार आहेत, असे समजा. पहिले काम म्हणजे त्या गावाची माहिती करून घेणे. माथेरान हे रायगड जिल्ह्यातील लहानसे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर वसलेले आहे. १८५० साली ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी ही जागा हेरली आणि पुढे तेथे वस्ती वाढली. १९०७ साली नेरळपासून तेथपर्यंत सुमारे २१ किलोमीटर लांबीची छोटी आगगाडी धावू लागली. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघे दोन फूट आहे. खासगी मोटारींना मात्र गावात प्रवेश नाही. त्या दस्तुरी नाक्यापाशी थांबतात आणि तेथून गावापर्यंतची अडीच ते तीन किलोमीटरची वाट बहुतेक लोक पायी किंवा घोड्यावरून आक्रमितात. २००३ साली केंद्र सरकारने हा डोंगर व त्याच्या भोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला.

एवढी माहिती हाती आली म्हणजे जागेची निवड करता येते. माथेरानात पेमास्टर पार्क ही बाग आहे, ऑलिंपियाचे मोकळे मैदान आहे, शार्लट तलावाचा काठ आहे आणि कड्यांवरील अनेक प्रेक्षणीय स्थळे आहेत. यांपैकी पंगत कोठे बसवावी? जागेची निवड करताना तीन प्रश्न विचारावेत. दुपारी बारा वाजता तेथे सावली असते काय? पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह जवळ आहे काय? कोणाला बरे वाटेनासे झाले, तर मदत लवकर मिळेल काय? मैदान खेळावयास उत्तम असले, तरी भर दुपारी तेथे सावली मिळत नाही. कड्यावरून दिसणारा देखावा मनोहर असला, तरी तीस मुलांनी कड्याच्या काठी जेवावयास बसणे धोक्याचे आहे. तलावाच्या पाण्याचा उपयोग गावाला पिण्यासाठी होतो. त्यात उतरणे, हातपाय धुणे किंवा डबे विसळणे सर्वथा अयोग्य होय. म्हणून देखावा कड्यावरून पाहावा, खेळ मैदानात खेळावेत आणि जेवण वस्तीजवळच्या बागेत करावे, हा क्रम सोयीचा ठरतो. गावातील बाग ही बहुधा नगरपरिषदेच्या देखरेखीखाली असते. तेथे एवढी मोठी पंगत बसवावयाची असल्यास आधी रीतसर परवानगी घ्यावी. त्या दिवशी गावातील इतर मुलेही तेथे खेळावयास येणार, हे ध्यानात ठेवून त्यांच्यासाठी जागा मोकळी ठेवावी.

यानंतर वेळेचा हिशेब करावयाचा. तो नेहमी शेवटापासून सुरू करावा. डिसेंबर महिन्यात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधार पडण्यापूर्वी डोंगर उतरावयाचा, तर पाच वाजता दस्तुरी नाक्यावर पोहोचलेच पाहिजे. एकटा धडधाकट मुलगा ती वाट पाऊण तासात चालून जाईल. परंतु तीस मुलांचा घोळका त्या वेगाने चालत नाही. कोणाच्या पायाला फोड येतो, तर कोणाला धाप लागते. संघाचा वेग म्हणजे सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा वेग होय. म्हणून परतीसाठी दीड तास राखून ठेवावा आणि साडेतीन वाजता बाग सोडावी. जेवण साडेबारास, त्याआधी फिरणे आणि त्यानंतर विश्रांती व खेळ, अशी बाकीची वेळ मग आपोआप बसते. जो मागे पडतो त्याला चालण्याच्या रांगेत अगदी पुढे ठेवावे. तसे केल्याने कोणी मागे राहत नाही, आणि आपल्यामुळे सर्वांचा खोळंबा झाला असे त्या मुलालाही वाटत नाही.

आता पाणी व शिदोरी. दिवसभर चालणाऱ्या मुलाला निदान दीड लिटर पाणी लागते. तीस मुलांचे पंचेचाळीस लिटर झाले, म्हणजे वजन पंचेचाळीस किलोग्रॅम! हे ओझे एका पिंपात भरून कोण वाहणार? म्हणून प्रत्येकाने आपली बाटली आपल्याच पाठीवर न्यावी. शिदोरीत टिकाऊ पदार्थ असावेत. दशम्या, धपाटे, गूळपोळी, शेंगदाण्याची किंवा तिळाची कोरडी चटणी, बटाट्याची सुकी भाजी हे पदार्थ सकाळी केले, तर दुपारपर्यंत चांगले राहतात. ओल्या नारळाची चटणी, पातळ आमटी किंवा दुधाचे पदार्थ उन्हात लवकर नासतात. ते घरीच बरे. भाजी पूर्ण निवल्यावरच डब्यात भरावी. गरम भाजी झाकली म्हणजे तिच्यात वाफ कोंडते आणि ती लवकर आंबते. स्वयंपाक तेथेच करू, असा मोह कोणाला होईल. परंतु रानातील वाळलेल्या पानांवर एक ठिणगी पडली, तरी वणवा पेटू शकतो. तेव्हा चूल मांडण्याचा विचारही करू नये.

खर्चाची गोष्ट नाजूक आहे. वर्गणी ठरविताना वर्गातील प्रत्येकाला ती देता येईल काय, हा विचार आधी झाला पाहिजे. काही मुले ‘मला बरे नाही’ किंवा ‘घरी पाहुणे आहेत’ असे सांगून घरी राहतात, आणि खरे कारण त्यांच्या ओठांवर येत नाही. ज्या सहलीत पैशांअभावी एक सोबती मागे राहिला, ती सहल वर्गाची झाली असे म्हणता येणार नाही. म्हणून खाऊ, खेळणी आणि घोड्यावरची रपेट यांचा खर्च वर्गणीतून वगळावा व वर्गणी शक्य तितकी कमी ठेवावी. ज्याला तीही देणे जड जात असेल त्याची व्यवस्था शिक्षकांनी गाजावाजा न करता करावी. जेवताना सर्वांचे डबे मध्ये ठेवून वाटून खाल्ले, म्हणजे कोणाच्या डब्यात काय आहे हा प्रश्नच उरत नाही.

यानंतर कामांची वाटणी करावी. दर सहा जणांचा एक गट केला, तर पाच गट होतात. एका गटाने ठरावीक वेळांना सर्वांची मोजदाद करावी. दुसऱ्याने औषधांची पेटी सांभाळावी, तिसऱ्याने बैठकीची व्यवस्था पाहावी, चौथ्याने खेळांची तयारी करावी आणि पाचव्याने कचऱ्यावर लक्ष ठेवावे. हे पाचवे काम कोणालाही नको असते. परंतु माथेरानसारख्या गावी सर्वांत महत्त्वाचे काम तेच होय. त्या गावात येणारा बराचसा माल घोड्यांच्या पाठीवरून, हातगाड्यांवरून किंवा माणसांच्या डोक्यावरून येतो. जी वस्तू वर आणावयास एवढे कष्ट पडतात, तिचा कचरा खाली नेण्यासही तितकेच कष्ट पडतात. तीस मुलांनी प्रत्येकी एक कागदी थाळी, एक पेला, एक चमचा आणि खाऊचे एक वेष्टन टाकले, तर एकशेवीस वस्तू मागे राहतील. त्या उचलणार कोण? घरची ताटली, पेला व चमचा नेला, तर त्यांतील नव्वद वस्तू निर्माणच होत नाहीत. उरलेली तीस वेष्टने एका कापडी पिशवीत भरून परत आणणे मुळीच अवघड नाही.

रानात गेल्यावर तेथील रहिवाशांचाही विचार करावा. माथेरानच्या झाडीत शेकरू राहते. ही मोठ्या आकाराची खार आपल्या राज्याचा प्राणी म्हणून मानली जाते. ती क्वचितच जमिनीवर उतरते आणि फांद्याफांद्यांवरून उड्या मारीत जाते. एक फांदी तोडली, तर तिच्या वाटेतील एक पायरी मोडते. माकडे मात्र माणसाच्या अगदी जवळ येतात. त्यांना कौतुकाने खाऊ देऊ नये. आयते मिळू लागले, म्हणजे ती रानातील फळे व पाला शोधण्याऐवजी माणसांच्या हातांवर झडप घालतात, आणि त्यात पुष्कळदा लहान मुलांना जखमा होतात. डबे पिशवीत ठेवून तिचे तोंड घट्ट बांधावे, म्हणजे उभयतांचे भले होते.

मुलांनो, तुमचे गाव माथेरानपासून दूर असेल. तुमच्या गावी एखादी लहानशी बाग, नदीकाठची आमराई किंवा देवळामागचा पार असेल. सावली, पाणी, वेळ, वर्गणी आणि कचरा यांचा विचार तेथेही असाच करता येईल. येत्या रविवारचा बेत कागदावर लिहून काढा. तो वर्गात वाचून दाखवा आणि कोणाला काही अडचण आहे काय, ते विचारा. मग खुशाल निघा. संध्याकाळी बाग सोडताना एकदा मागे वळून पाहा. सकाळी आलो तेव्हा जागा जशी होती तशीच ती दिसत असेल, आणि निघालेले सर्व सोबती हसतमुखाने बरोबर असतील, तर तुमची सहल उत्तम झाली असे समजावे.