फवारणीच्या दुधाळ पाण्यातील सूक्ष्म कुप्या

श्रावण लागला की औसा-निलंग्याकडे सोयाबीन आणि कंधार-किनवटकडे कपाशी रानभर डोलू लागते. त्याबरोबर पाठीवरचे फवारणी पंपही सुरू होतात. बाटलीतले औषध पाहावे तर तेलासारखे, आरपार दिसणारे. बादलीभर पाण्यात त्याचे एक झाकण ओतले की पाणी क्षणात दुधासारखे पांढरे होते. हजारो हात दर हंगामात हे करतात. पण पाणी पांढरे का होते, हे त्या हातांना कोणी सांगत नाही. ज्याच्या पाठीवर पंप असतो तो पुष्कळदा शेताचा धनी नसतो, रोजाने आलेला मजूर असतो. म्हणून हे शास्त्र आधी त्याच्या घरी पोहोचले पाहिजे.

तेल आणि पाण्याचा मध्यस्थ

वाचकहो, घरातल्या मुलांना एक प्रयोग करून दाखवा. काचेच्या बाटलीत पाणी घ्या, त्यात चमचाभर गोडेतेल घाला आणि जोराने हलवा. थोड्याच वेळात तेल पुन्हा वर येऊन तरंगेल. आता त्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोन-चार थेंब टाकून पुन्हा हलवा. या वेळी पाणी बराच वेळ पांढरट राहील. साबणाच्या कणाचे एक टोक पाण्याला धरते आणि दुसरे तेलाला. असे असंख्य कण तेलाच्या थेंबाभोवती उभे राहतात आणि थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. या मिश्रणाला इमल्शन म्हणतात. शास्त्राच्या पुस्तकांत त्याला ‘पायस’ असा शब्द आहे.

दूध हे निसर्गाने बनविलेले पायसच होय. त्यातील स्निग्धाचे थेंब काही मायक्रॉनचे असतात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर एक भाग म्हणजे एक मायक्रॉन.

लातूरच्या बाजारात ज्या सोयाबीनचे ढीग लागतात, त्याच दाण्यात असा एक मध्यस्थ दडलेला आहे. सोयाबीनच्या कच्च्या तेलात पाणी मिसळले की चिकट गाळ वेगळा होतो. तो वाळविला की लेसिथिन मिळते. बिस्किटाच्या पुड्यावर ‘इमल्सिफायर ३२२’ असे लिहिलेले दिसते, ते हेच.

आता औषधाच्या बाटलीकडे वळू. नावापुढे ‘ईसी’ ही अक्षरे असली तर आत कीटकनाशक, ते विरघळविणारे रॉकेलच्या जातीचे द्रावक आणि पायस बनविणारा पदार्थ असतो. पाण्यात पडताच त्याचे बारीक थेंब होतात, म्हणून पाणी पांढरे दिसते. पण हे द्रावक विषाला पानाच्या मेणात शिरायला मदत करते, तशीच माणसाच्या कातडीतून आत जायलाही मदत करते. घामाने भिजलेल्या उघड्या पाठीवर पंप गळला तर काय होईल, याचा विचार करावा.

थेंबावर धरलेली साय

या थेंबाभोवती पक्की भिंत उभारता आली तर? १९५० च्या दशकात अमेरिकेतील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीने हे साधले. रंगद्रव्य मिसळलेल्या तेलाच्या थेंबांभोवती तिने जिलेटिन आणि बाभळीच्या जातीच्या झाडाच्या डिंकाचे आवरण चढविले आणि या कुप्या कागदाच्या पाठीवर पसरल्या. पेनाचा दाब पडला की कुपी फुटते आणि खालच्या कागदावर अक्षर उमटते. पावती-पुस्तकात कार्बन न घालता दुसरी प्रत निघते, ती याच युक्तीने.

कीटकनाशकासाठी याहून वेगळी रीत वापरतात. एक रसायन तेलात विरघळवितात, दुसरे पाण्यात. दोघांची गाठ फक्त थेंबाच्या पृष्ठभागावर पडते. तिथेच त्यांचा संयोग होतो आणि दुधावर साय धरावी तसा पातळ पापुद्रा तयार होतो. किती जोराने घुसळले, यावर कुपीचा आकार ठरतो. मिथाइल पॅराथिऑन या जहाल विषाच्या अशा कुप्या १९७४ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आल्या. आपल्याकडे लॅम्डा सायहॅलोथ्रिन हे औषध ‘ईसी’ आणि ‘सीएस’ अशा दोन्ही रूपांत मिळते. ‘सीएस’ म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या कुप्या. यात द्रावक कमी असते आणि विष भिंतीआड असते. त्यामुळे कातडीतून ते एकदम आत शिरत नाही. फवारणाऱ्यासाठी हा मोठा फरक आहे.

मायक्रॉनहून हजारपट लहान माप म्हणजे नॅनोमीटर. पॉलिमर द्रावकात विरघळवून त्याचे पाण्यात अतिशय बारीक थेंब केले आणि द्रावक उडवून लावले, तर मागे घट्ट कण उरतात. त्यात औषध कोंडता येते. याच मार्गाने केलेल्या, पण थोड्या मोठ्या कणांचे प्रोस्टेटच्या कर्करोगावरील इंजेक्शन १९८९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्यामुळे रोजच्या टोचणीऐवजी महिन्यातून एक टोचणी पुरू लागली. कणांची भिंत शरीरात हळूहळू विरघळून जाते.

हे शिकायला सातासमुद्रापार जावे लागत नाही. पायस बनविणे हा औषधनिर्माणशास्त्राच्या प्रात्यक्षिकाचाच भाग आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात या विषयाचे संकुल आहे. आपल्या मुलामुलींनी त्या दारापर्यंत जावे.

कवच म्हणजे अभय नव्हे

मात्र या कुप्यांचा एक कटू धडाही आहे. अमेरिकेतील त्या पहिल्या कुप्या फुलांच्या परागकणांएवढ्या होत्या. मधमाश्यांनी त्या परागाबरोबर पोळ्यात नेल्या आणि विष साठवणीत जाऊन बसले. सूर्यफूल, करडई, तूर फुलावर असताना दिवसा फवारणी का करू नये, हे यावरून कळते. भिंत बांधली म्हणून विष निर्दोष होत नाही. मिथाइल पॅराथिऑनवर २०१८ मध्ये भारतात बंदी आली. शिवाय या भिंती बहुधा प्लॅस्टिकच्या असतात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सूक्ष्म प्लॅस्टिकवर निर्बंध घातले, तेव्हा कीटकनाशकांना पर्याय शोधण्यासाठी २०३१ पर्यंत मुदत दिली.

आणि २०१७ चे यवतमाळ विसरून कसे चालेल? त्या एका हंगामात फवारणीच्या विषबाधेने तिथे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. बाटलीवरची अक्षरे कोणतीही असोत, हातमोजे, नाका-तोंडावर मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट यांना पर्याय नाही.

घरच्यांनी एवढे जरूर पाहावे. लेबलावरील त्रिकोणाचा रंग ओळखावा. लाल सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नये. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये. काम संपताच साबणाने अंघोळ करावी. ते कपडे लेकरांच्या कपड्यांत मिसळू नयेत. धुणाऱ्या माउलीनेही हातमोजे घालावेत. रिकामी बाटली घरात आणू नये. गरगरले, मळमळले, डोळ्यांपुढे अंधारले तर ताबडतोब दवाखाना गाठावा आणि औषधाचे लेबल सोबत न्यावे.

पंप पाठीवर घेण्याआधी मालकाला दोन प्रश्न विचारावेत: औषध कोणते आणि हातमोजे कुठे आहेत? असे विचारण्यात कसलाही कमीपणा नाही. रोज बुडेल ही भीती खरी आहे. म्हणून एकट्याने नव्हे, टोळीतल्या सर्वांनी मिळून विचारावे.