२२०० कोटी झाडं आणि १५ मिनिटं

२१ डिसेंबरला हेलसिंकीत सूर्य सकाळी ९ वाजून २४ मिनिटांनी उगवतो आणि दुपारी ३ वाजून १३ मिनिटांनी मावळतो. म्हणजे दिवस धड सहा तासांचाही नाही. भर मध्यान्ही सूर्य क्षितिजाच्या जेमतेम साडेसहा अंश वर येतो. समोर एखादी चार मजली इमारत असली की तो दिसतही नाही. त्यात ढग हटायचं नाव घेत नाहीत. डिसेंबरच्या अख्ख्या महिन्यात तिथे प्रत्यक्ष ऊन पडतं ते सरासरी ३० तासांच्या आसपास. मुंबईत तेवढं ऊन तीन-चार दिवसांत पडून जातं.

अशा अंधारात मन खचणं स्वाभाविक आहे. दर हिवाळ्यात परतून येणाऱ्या नैराश्याचं वैद्यकीय वर्णन नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केलं. आणि तरीही २०१८ ते २०२५ अशी सलग आठ वर्षं जागतिक आनंद अहवालात पहिला क्रमांक फिनलंडचाच होता. त्याचं श्रेय एकट्या झाडांना देता येणार नाही. लोकांचा एकमेकांवरचा विश्वास आणि सरकारचा भक्कम आधार यांचा त्यात मोठा वाटा आहे. पण घराजवळची हिरवाई मनाला किती सावरते, हे तिकडच्या संशोधकांनी चिकाटीने मोजलं आहे.

आधी झाडांचीच मोजदाद पाहू. २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये जगातल्या झाडांची गणती प्रसिद्ध झाली. पृथ्वीवर सुमारे तीन लाख कोटी झाडं आहेत, असा तिचा अंदाज होता, आणि सर्वांत दाट झाडी असलेला देश ठरला फिनलंड: दर चौरस किलोमीटरला ७२ हजारांहून अधिक झाडं. देशाची जमीन तीन लाख चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे एकूण झाडं सुमारे २२०० कोटी. लोकसंख्या ५६ लाख. माणशी जवळपास चार हजार झाडं!

पण लॅपलंडमधली चार हजार झाडं हेलसिंकीच्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाच्या काय कामाची? जंगल पायी जाता येईल इतकं जवळ हवं. बेर्टेल युंग या वास्तुविशारदाने १९११ मध्ये मध्यवर्ती उद्यानाची कल्पना मांडली, तेव्हा शहराची वस्ती दीड लाखाच्याही आत होती. आज ती सात लाखांच्या घरात आहे, आणि तरीही ‘केस्कुसपुइस्तो’ टिकून आहे: ऑलिम्पिक स्टेडियमच्या परिसरातून निघून उत्तरेला वांता नदीपर्यंत गेलेला सुमारे दहा किलोमीटरचा, हजार हेक्टरांचा पट्टा. दादरचं शिवाजी पार्क २८ एकरांचं. तशी जवळपास ८८ मैदानं इथे मावतील. आणि हे कातरलेल्या हिरवळीचं उद्यान नाही. स्प्रूसची उंच झाडं, मधूनच वर आलेले ग्रॅनाइटचे कातळ आणि बर्फ जरा बाजूला सारला तर खाली ब्लूबेरीच्या काड्या, पानं गळूनही हिरव्याच. संध्याकाळी चार वाजता, काळोख पडल्यावर, त्यातल्या दिवे लावलेल्या वाटांवर माणसं चालत असतात, कोटाला रिफ्लेक्टरची चकती लटकवून.

या चालण्याने काय साधतं? एक कारण साधं आहे. कार्यालयातल्या टेबलावर युरोपीय मानकाप्रमाणे ५०० लक्स उजेड लागतो. मळभ आलेल्या हिवाळी दुपारी बाहेर त्याच्या दुपटीहून जास्त उजेड असू शकतो, आणि ताजा बर्फ अंगावर पडलेल्या प्रकाशातला ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परत फेकतो. ज्याला आपण अंधारा दिवस म्हणतो, तोही घरातल्या दिव्यांपेक्षा उजळ असतो.

पुढचा आकडा डेन्मार्कमधला. १९८५ ते २००३ या काळात जन्मलेल्या नऊ लाखांहून अधिक जणांच्या नोंदी संशोधकांनी घेतल्या आणि प्रत्येकाच्या बालपणीच्या घराभोवती, २१० मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात, किती हिरवळ होती हे लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांवरून ठरवलं. २०१९ मध्ये निष्कर्ष आला: सर्वांत कमी हिरवाईत वाढलेल्यांना पुढे मानसिक आजार होण्याचा धोका सर्वाधिक हिरवाईत वाढलेल्यांपेक्षा, आजारानुसार, ५५ टक्क्यांपर्यंत जास्त होता. शहरीकरण, आईवडिलांची आर्थिक स्थिती, घरातला मानसिक आजारांचा इतिहास हे सगळं हिशेबात धरूनही हा फरक उरलाच.

हेलसिंकी, एस्पो आणि वांता या तीन शहरांतल्या सुमारे सहा हजार रहिवाशांची पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्यातून तीन-चार वेळा हिरवाईत जाणाऱ्यांमध्ये मनोविकारांवरची औषधं घेण्याची शक्यता क्वचित जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाली, रक्तदाबाच्या औषधांची ३६ टक्क्यांनी. मुळात ज्यांची तब्येत बरी तेच जास्त फिरत असतील, ही शंका रास्त आहे. एका वेळच्या पाहणीने ती पुरती फिटत नाही. पण त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट फार मोलाची आहे. नुसतं घराच्या खिडकीतून हिरवळ दिसण्याचा औषधांशी काहीच संबंध आढळला नाही. पाय बाहेर पडायला हवेत.

किती वेळ? २०१४ च्या एका प्रयोगात हेलसिंकीतल्या ७७ जणांना शहराच्या मध्यभागी, उद्यानात आणि शहरी जंगलात नेण्यात आलं. प्रत्येक ठिकाणी १५ मिनिटं नुसतं बसायचं, मग अर्धा तास चालायचं. लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, तिन्ही ठिकाणी सारखंच उतरलं. पण मनाला उभारी आल्याची भावना उद्यानात आणि जंगलातच वाढली, आणि तिची चाहूल पहिल्या १५ मिनिटांतच लागली.

कोट्यवधी झाडं, नऊ लाख आयुष्यं, आणि उत्तर पाव तासाचं. म्हणून शहराने आपली हिरवाई केवळ हेक्टरांत मोजू नये. सेसिल कोनायनेंडाइक या वनतज्ज्ञांनी २०२१ मध्ये सुचवलेलं माप अधिक माणसाळलेलं आहे: प्रत्येक घरातून ३ झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के सावली असावी आणि उद्यान ३०० मीटरांच्या आत असावं. थंड प्रदेशात मी त्यात चौथी अट घालेन: त्या वाटेवरचा बर्फ रोज सकाळी काढला जावा आणि दिवे दुपारी तीनलाच लागावेत. कारण ज्या वाटेवर म्हातारं माणूस घसरून पडेल, ती नकाशात कितीही हिरवी दिसली तरी त्याच्या मनापर्यंत पोहोचत नाही. झाडं लावायला पिढ्या जातात; वाट चालती ठेवायला एक फावडं आणि एक दिवा पुरतो, आणि हा खर्च कुठल्याही नगरपालिकेने कधीही टाळू नये.