चाकांची चाल

जुन्या वहाणेचा तळ उलटून पाहिला, तर ती घालणाऱ्या माणसाची चाल ओळखता येते. कोणाची टाच बाहेरून झिजलेली असते, तर कोणाची आतून. मोटारीच्या टायरांचेही तसेच आहे. हजार-बाराशे किलोग्रॅम वजनाची मोटार रस्त्यावर टेकते ती चारच ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाण जेमतेम तळहाताएवढे असते. तिचे थांबणे व वळणे एवढ्याशा रबरावर अवलंबून असते. चाकाच्या चालीत दोष शिरला, की त्याची खूण तेथेच उमटते.

सर्वांत साधा दोष हवेचा. जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ मध्ये हवेने फुगवलेल्या टायरचे पेटंट घेतले. अशा टायरात गाडीचा भार मुख्यतः कोंडलेली हवाच पेलते. हवा कमी असली, की टायरच्या दोन्ही कडा झिजतात. अधिक असली, की मध्यभाग फुगून तोच घासला जातो. पुढच्या एकाच चाकात हवा कमी असेल, तर ते जड फिरते आणि गाडी त्या बाजूला ओढते. म्हणून जाणता मिस्त्री प्रथम हवेचा दाब मोजतो, आणि तोही टायर थंड असताना. कारण चालून तापलेल्या टायरातील दाब वाढलेला असतो. दाब किती असावा, हे बहुतेक मोटारींत चालकाच्या दाराजवळील पट्टीवर लिहिलेले असते. ती पट्टी वाचणारे चालक मात्र थोडेच!

हवा ठीक असूनही झीज वेडीवाकडी असेल, तर चाकांची जुळणी बिघडली आहे असे समजावे. वरून पाहता पुढची दोन्ही चाके जवळजवळ समांतर असावी लागतात. खड्ड्यात चाक जोराने आदळले, किंवा स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे झिजले, की ही समांतरता मोडते. मग चाक फिरते एका दिशेला आणि गाडी ते ओढून नेते दुसऱ्या दिशेला. हा फरक एकच अंशाचा असला, तरी एक किलोमीटर अंतरात ते चाक सुमारे १७ मीटर आडवे घासले जाते. डोळ्यांना हा एक अंश दिसत नाही. पण उभ्या गाडीच्या टायरवरून तळहात आडवा फिरवला, तर एका दिशेने तो गुळगुळीत लागतो आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखा बोचतो.

चाक उभ्या रेषेतूनही कलते. काठीने चाक पळवणाऱ्या मुलांना ठाऊक असते, की चाक ज्या बाजूला कलते त्याच बाजूला वळते. मोटारीचे एक चाक वरून बाहेर अधिक कलले, तर गाडी त्या बाजूला जाऊ पाहते आणि त्या टायरची बाहेरची कड आधी झिजते.

ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला जात असेल, तर दोष बहुधा ब्रेकमध्ये असतो. घाटातील उतारावर असा दोष जिवावर बेततो. त्याच्या दुरुस्तीला एक दिवसही विलंब लावू नये. रस्त्याचाही थोडा वाटा असतो. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता बांधतात. त्यामुळे डाव्या बाजूने चालणारी निर्दोष गाडीही किंचित डावीकडे सरकते. परीक्षा सपाट जागीच घ्यावी.

तरीही ओढ राहिली, तर पुढच्या दोन चाकांची अदलाबदल करून पाहतात. ओढीची बाजू बदलली, तर दोष टायरमध्येच आहे. टायर एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेले असतील, तर मात्र ही युक्ती चालत नाही.

टायर गोटा झाला, की पुष्कळजण नवा बसवून मोकळे होतात. जुळणी केली नाही, तर नवाही त्याच वाटेने जातो. टायरवरील खाचा पावसाचे पाणी बाजूला सारतात. त्या बुजल्या, की चाक पाण्याच्या थरावर घसरू लागते. म्हणून मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरहून कमी नसावी, असा भारतात नियम आहे. खाचांच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला, की ती मर्यादा गाठली गेली. जुळणी केल्यावर गाडी सरळ चालू लागते. पण वेडावाकडा झिजलेला टायर बदलेपर्यंत त्याची घरघर ऐकू येतच राहते.