दर दोन तासांनी कूस

मज्जारज्जूला इजा झाली म्हणजे इजेखालील अवयवांच्या हालचालीबरोबर पुष्कळदा संवेदनाही लोपते. त्यामुळे एकाच कुशीवर राहून त्वचेचा रक्तपुरवठा दबला तरी त्याची वर्दी मेंदूपर्यंत पोहोचत नाही, आणि शय्याव्रण उद्भवतात. इंग्लंडातील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात 1944 पासून डॉ. लुडविग गुटमन यांनी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलण्याचा दंडक घातला, आणि ज्यांची आशा वैद्यकाने सोडलेली असे, असे जायबंदी सैनिक 1948 साली तेथेच धनुर्विद्येच्या स्पर्धेत उतरले. घरच्यांनीही कूस बदलण्याची हीच तजवीज ठेवावी; शिवाय टाचा, माकडहाड व नितंब रोज निरखावेत, आणि न ओसरणारा लाल वा काळसर डाग दिसताच तेथील भार काढून डॉक्टरांस कळवावे; मात्र आरशाच्या साहाय्याने रुग्ण ही पाहणी स्वतः करू शकत असेल, तर तो अधिकार त्याच्याकडेच राहू द्यावा.