मोटारीचा पांचवा गिअर

ठाकुर्लीच्या स्थानकावर उभें राहून कल्याणकडे निघालेली लोकल एकदां लक्षपूर्वक पाहा. ती जागची हलते, वेग घेते आणि पत्रीपुलाकडे दिसेनाशी होते. तोंवर तिच्या चालकाला एकदांही गिअर बदलावा लागत नाहीं. विजेची मोटर उभ्या जागींच भरपूर पीळ देऊं शकते, म्हणून मोटर आणि चाकाचा आंस यांच्यामध्यें दांतेरी चाकांची एकच कायमची जोडी पुरते. या लोहमार्गाला वीज पुरविण्यासाठीं जी. आय. पी. रेल्वेनें ठाकुर्लीजवळ चोळे येथें १९२९ च्या सुमारास वीजघर उभारलें होतें, हें येथील जुन्या रहिवाशांना सांगावयास नको. पेट्रोलवर चालणारें इंजिन मात्र इतकें समर्थ नाहीं. मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांच्या खालीं त्याच्यावर भार टाकला तर तें गुदमरतें, आणि फार वर नेल्यास तापतें व झिजतें. त्याच्या या मर्यादित पट्ट्यांतून गाडीचे सर्व वेग काढावयाचे, एवढ्याचसाठीं गिअरपेटीचा सारा खटाटोप आहे.

आज हा विषय घेण्यास आमचे एक शेजारी कारण झाले. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी आहे. फियाट ११०० डी ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत १९६४ पासून होऊं लागली, आणि पुढें तिलाच पद्मिनी हें नांव मिळालें. इंजिन १,०८९ घन सेंटिमीटरचें, गिअर चार, आणि त्यांचा दांडा सुकाणूच्या खांबावर. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला, आणि या गृहस्थांच्या मनानें घेतलें, कीं गाडीला पांचवा गिअर बसवून नाशिकला जावें. ‘अँबॅसडरला नाहीं का पांच गिअर मिळाले?’ हा त्यांचा प्रश्न. मिळाले, हें खरें. परंतु १९९२ सालीं ते मिळाले तेव्हां त्यांच्याबरोबर इसुझूचें १,८०० घन सेंटिमीटरचें नवें इंजिनही आलें होतें. ही पुस्ती ते सोयीस्करपणें विसरतात. आमच्या शेजारच्या कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरच्याच दुसऱ्या कारखान्यांत पुढें प्यूजो ३०९ तयार होऊं लागली, तिलाही पांच गिअर होते. पण तीही मुळापासून त्याच बेतानें रचलेली.

आतां थोडें गणित करूं. समजा, चाकाचा एक फेरा झाला कीं गाडी १.८ मीटर पुढें जाते, आणि मागच्या आंसावरील दांतेरी जोडी ४.३ ला १ अशी आहे. चौथ्या गिअरमध्यें पेटी कांहींच फेरफार करीत नाहीं. इंजिनाचा एक फेरा तोच तिच्यामागच्या शाफ्टचाही एक फेरा. ताशीं ८० किलोमीटर वेगाला चाकें मिनिटाला सुमारें ७४० फेरे घेतात आणि इंजिन सुमारें ३,१८५. पांचवा गिअर ०.८ चा बसविला, तर तेवढ्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारें २,५५० होतील. एकपंचमांश फेरे वांचले. आवाज उतरला, झीज कमी झाली, आणि इंजिन अधिक उघड्या थ्रॉटलवर काम करूं लागल्यामुळें पेट्रोलही कांहींसें वांचलें.

परंतु दांतेरी चाकांत शक्ति निर्माण होत नसते. फेरे ज्या प्रमाणांत कमी, त्याच प्रमाणांत चाकावरचा पीळही कमी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानें वाढतो, आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ति घनानें. म्हणजे वेग दुप्पट केला तर केवळ हवेसाठीं शक्ति आठपट. लहान इंजिनाच्या गाडीचा कमाल वेग म्हणूनच पांचव्या गिअरनें बहुधा वाढत नाहीं. कधीं कधीं तर तो चौथ्यांतच अधिक असतो. शिवाय आमणें सोडल्यावर रस्ता जातो कुठें? सह्याद्रीवर, सुमारें ६०० मीटर उंचीच्या इगतपुरीला. त्या चढावर पांचवा सोडून चौथा, कदाचित् तिसराही घ्यावा लागेल. शेजाऱ्यांचा पांचवा गिअर खरा उपयोगी पडेल तो इगतपुरीच्या पलीकडील मोकळ्या रस्त्यावर. डोंबिवलीच्या बाजारपेठेंत तर त्याची पाळीच यावयाची नाहीं.

तरीही हौस असेल, तर मार्ग आहेत. एक जुना मार्ग ओव्हरड्राइव्हचा. मूळ पेटीच्या मागें दुसरी लहान पेटी जोडावयाची; तींत मध्यें एक सूर्यचाक, त्याभोंवतीं फिरणारीं ग्रहचाकें आणि बाहेर दांतेरी कडें. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश गाड्यांत ही योजना बरीच रूढ झाली. आपल्याकडील भंगारबाजारांत ती शोधूं नये. दुसरा मार्ग आंसावरील जोडीच बदलण्याचा. त्यानें गिअर वाढत नाहीं, असलेले सारेच लांबतात, आणि चढावर गाडी उचलतांना क्लच जळतो.

नेहमींचा मार्ग म्हणजे दुसऱ्या गाडीची पांच गिअरची सबंध पेटी आणून बसविणें. पेटी मिळेल, ती जुळेलच असें नाहीं. इंजिनाला ती लावण्यासाठीं मध्यें धातूची जाड चकती कांतून घ्यावी लागते, आणि येथेंच बहुतेक प्रयोग फसतात. पेटीचा पुढचा शाफ्ट आणि इंजिनाचा क्रँकशाफ्ट एका रेषेंत हवेत. साधारणतः इंचाच्या दोनशेंव्या भागाहून अधिक फरक चालत नाहीं. साध्या कागदाची जाडीही जवळपास तेवढीच असते. ही रेषा चुकली कीं बेअरिंग ओरडूं लागतें, क्लचची थाळी तडकते आणि गिअर चालतां चालतां आपोआप सुटतो. नवी पेटी लांब असेल तर मागचा प्रॉपेलर शाफ्ट कापून आंखूड करावा लागतो व पुन्हां तोलून घ्यावा लागतो. न तोललेला शाफ्ट गाडीची सारी हाडें खिळखिळीं करतो. क्लचच्या थाळीच्या खांचा, दांड्यासाठीं तळाला पाडावयाचें भोंक, वेगदर्शकाचें लहान चाक, हीं कामें किरकोळ. पण तीं उरकल्यावांचून गाडी रस्त्यावर येत नाहीं.

मला सर्वांत भय वाटतें तें रिव्हर्सचें. पुष्कळ पांच गिअरच्या पेट्यांत पांचव्याच्या अगदीं समोर, त्याच ओळींत, रिव्हर्स असतो. धांवत्या गाडींत पांचव्यांतून दांडा सरळ मागें ओढला तर तो तेथेंच जावयाचा; तसें होऊं नये म्हणून कारखानदार आंत एक अडसर ठेवितो. घरगुती जोडणी करतांना हा अडसर काढून टाकलेल्या गाड्या मीं पाहिल्या आहेत. अशा गाडींत मुलांबाळांना बसवूं नये. दुसरी गोष्ट तेलाची. पांचव्याचीं चाकें बहुधा पेटीच्या अगदीं टोंकाला असतात. तेल कमी पडलें कीं पहिला उपास त्यांनाच.

जुनी पेटी घेतांना विक्रेत्याच्या शब्दावर विसंबूं नये. पेटी बांकावर ठेवावी, पुढच्या व मागच्या शाफ्टवर खडूची एकेक खूण करावी, आणि पांचवा गिअर टाकून पुढचा शाफ्ट हातानें सावकाश दहा वेळां फिरवावा. मागचा साडेबारा वेळां फिरला, तर गुणोत्तर ०.८ चें. तोही दहाच वेळां फिरला, तर या पेटीनें वरचा गिअर दिलेलाच नाहीं. खालच्या गिअरांमधील अंतर तेवढें कमी केलें आहे. लहान इंजिन घेऊन घाट चढणाऱ्याला हीच दुसरी पेटी अधिक कामाची. शेजाऱ्यांना मीं खडू देऊन ठेविला आहे.