पहिल्या सेकंदातली हवा

१९८२ साली 'थोरॅक्स' या वैद्यकीय नियतकालिकात बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी एका रुग्णाची जेमतेम दोन पानी हकिगत छापली. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर त्याला जुनाट जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला चढवण्याचा विकार, जडला होता आणि शेवटी तो श्वासनलिकांच्या विकाराने दगावला. त्या काळी अशा रुग्णाची छाती बिघडली की डॉक्टरांचं लक्ष आधी न्यूमोनियाकडे जाई, आणि ते साहजिकच होतं. सायटोमेगॅलो विषाणूचा न्यूमोनिया झालेले रुग्ण तेव्हा क्वचितच वाचत. इथे मात्र श्वास कोंडत होता तो अगदी बारीक नळ्यांपाशी. १९८४मध्ये सिअ‍ॅटलहूनही अशाच, झपाट्याने वाढत जाणाऱ्या विकाराची नोंद आली.

सिअ‍ॅटल म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या शास्त्राचं माहेरघर. डॉनल थॉमस यांनी तिथेच प्रत्यारोपणाला उपचाराची शिस्त लावली आणि १९९०मध्ये त्यांना नोबेल मिळालं. डॉ. सुरेश अडवाणी तिथूनच हे तंत्र शिकून आले आणि १९८३मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात त्यांनी देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं.

दात्याच्या मज्जेबरोबर त्याच्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशीही, रुग्णाच्या शरीरात येतात, आणि त्यांना हे शरीर परकं वाटतं. कातडी, तोंड, डोळे, यकृत, आतडी या सगळ्यांवर त्या चाल करून जातात. कुंपणच शेत खाऊ लागतं. फुफ्फुसात त्यांचा रोख दोन मिलिमीटरहून कमी व्यासाच्या नळ्यांवर असतो. आधी सूज येते, मग व्रण धरतो आणि नळी आवळत जाते. हवा आत शिरते, पण बाहेर पडू शकत नाही. ब्राँकिओलायटिस ऑब्लिटरन्स हे या विकाराचं जडजंबाल नाव. दात्याकडून प्रत्यारोपण झालेल्या शंभरातल्या साधारण पाच जणांना तो गाठतो, आणि जुनाट जीव्हीएचडी असलेल्यांत हे प्रमाण आणखी वाढतं.

मग या पेशींना सरळ आवरलंच का नाही? कारण सिअ‍ॅटलच्याच गटाने १९७९मध्ये दाखवून दिलं होतं की ज्यांना जीव्हीएचडी होतो, त्यांचा ल्युकेमिया कमी वेळा उलटतो. शरीराला छळणाऱ्या पेशीच कर्करोगालाही डोकं वर काढू देत नाहीत. पुढच्या चाळीस वर्षांतले बरेच उपाय या अडचणीशी येऊन ठेपले. त्यातच १९९०च्या दशकात मज्जेऐवजी रक्तातून स्टेम सेल काढण्याची सोयीची पद्धत रुळली. २०१२मध्ये निकाल आला तो असा, की नात्याबाहेरच्या दात्यांकडून अशा पेशी घेतलेल्यांत जुनाट जीव्हीएचडी ५३ टक्के, तर मज्जा घेतलेल्यांत ४१ टक्के. सोयीची किंमत रुग्णांनी मोजली, असं म्हणायला हरकत नाही.

यातली सर्वांत बोधप्रद हकिगत अ‍ॅझिथ्रोमायसिनची. घशाच्या संसर्गावर घरोघरी चालणारं, स्वस्त, ओळखीचं औषध. फ्लुटिकासोन आणि माँटेल्युकास्टच्या जोडीने ते दिलं तर नुकताच जडलेला विकार पुष्कळांमध्ये थोपतो, असं २०१६च्या सुमारास दिसलं होतं. मग तो जडण्याआधीच का देऊ नये? फ्रान्समध्ये प्रत्यारोपणाच्या वेळीच ते सुरू करून पाहिलं गेलं. विचार बिनतोड वाटावा असा होता, पण अभ्यास मध्येच थांबवावा लागला. अ‍ॅझिथ्रोमायसिन घेणाऱ्यांपैकी ३२.९ टक्के रुग्णांचा कर्करोग उलटला, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी २०.८ टक्क्यांचा. ऑगस्ट २०१८मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला. असं का झालं, याचा उलगडा आजही पुरता झालेला नाही.

त्यामानाने निदानाची बाजू गाजावाजा न होता सुधारली. २००५ आणि २०१४च्या निकषांनी स्पायरोमेट्रीला मध्यभागी आणलं. नाकाला चिमटा, ओठांत घट्ट धरलेली नळी, छाती भरून श्वास, आणि मग तंत्रज्ञाचा गलका: "फुंका, फुंका, अजून फुंका!" पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली हे मोजायचं आणि रुग्णाच्या स्वतःच्या आधीच्या आकड्याशी ताडून पाहायचं. नवा आकडा अपेक्षेच्या ७५ टक्क्यांखाली गेला आणि दोन वर्षांच्या आत दहा टक्के किंवा अधिक घसरला, की पुढचा तपास. गोम अशी की सुरुवातीला रुग्णाला काहीच जाणवत नाही. जिना चढताना धाप लागेपर्यंत बऱ्याच नळ्या आवळलेल्या असतात, आणि एक्स-रे मात्र बिनडाग. आपल्याकडे तर खोकला रेंगाळला की आधी टीबीची शंका, त्यात आणखी काही आठवडे जातात.

२०१७मध्ये अमेरिकेत जुनाट जीव्हीएचडीसाठी इब्रुटिनिबला मान्यता मिळाली, २०२१मध्ये बेल्युमोसुडिल आणि रुक्सोलिटिनिबला. या औषधांनी स्टिरॉइडवरची मदार कमी केली. कातडी आणि तोंडाच्या तक्रारींवर ती चांगली चालतात, पण फुफ्फुसाच्या बाबतीत यश तोकडंच. घसरण थांबली तरी तेच मोठं काम मानलं जातं, कारण एकदा व्रणाने बुजलेली नळी सहसा पुन्हा उघडत नाही. अगदी हाताबाहेर गेलेल्या मोजक्या रुग्णांना फुफ्फुसाचं प्रत्यारोपण सुचवतात. एका दात्याच्या पेशींनी केलेली हानी भरून काढायला दुसरा दाता शोधावा लागतो, आणि त्याचं फुफ्फुस टिकावं म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर चालू ठेवाव्या लागतात.