एक साचा, दोन सायकली

स्कॉट निकलने १९८१ साली कॅलिफोर्नियात आयबिस ही सायकल कंपनी सुरू केली, तेव्हा माउंटन बाइकला धंदा म्हणून फारसं कुणी धरत नव्हतं. तो मूठभर नादिष्टांचा खटाटोप होता. नळ्या कापायच्या, त्यांची तोंडं घासून एकमेकींत बसवायची, जोडायच्या. गिऱ्हाईक उंच असेल तर वरची नळी दोन बोटं लांब घ्यायची. कामात मजा करायलाही वाव होता. आयबिसच्या जुन्या फ्रेमवर मागच्या ब्रेकची केबल अडकवायला माणसाच्या हाताच्या आकाराचा ओतीव तुकडा असे. पुढे बो-टाय ही टायटॅनियमची सायकल आली. तिच्या मागच्या सस्पेन्शनला एकही बिजागरी नव्हती. नळ्याच लवून धक्का सोसायच्या.

२००० साली निकलने कंपनी विकली आणि नव्या मालकांनी थोड्याच काळात तिचं दिवाळं वाजवलं. २००५ मध्ये निकल जुन्या-नव्या सहकाऱ्यांसह परतला तो कार्बनची मोजो घेऊन. रूप रॉक्सी लोचं, सस्पेन्शन डेव्ह वीगलच्या डीडब्ल्यू-लिंकचं आणि फ्रेम आशियातल्या कारखान्यांत घडलेली. हातानं जोडलेल्या फ्रेमवर जीव असलेल्यांना हे रुचणं कठीण होतं. मला मात्र तो निर्णय योग्य वाटतो. सस्पेन्शनच्या सायकलींनी बाजार व्यापला होता, आणि छोट्या कंपनीला सगळं स्वतःच्या हातांनी करण्याचा हट्ट परवडत नाही. आपली अक्कल कुठे खर्चायची हे तिला ठरवावंच लागतं.

पण कार्बनबरोबर साचा येतो, आणि छोट्या कंपनीची खरी कोंडी तिथेच होते. पोलादाची नळी उद्या वेगळ्या कोनात कापता येते. कार्बनच्या फ्रेमला प्रत्येक मापाचा स्वतंत्र धातूचा साचा लागतो. तो महाग असतो, आणि एकदा कोरला की कोन, लांबी, सगळं पक्कं. इकडे माउंटन बाइकची भूमिती तर सतत बदलत आली आहे: फ्रेम लांब झाल्या, पुढचा फोर्क अधिक कलता झाला, चाकं सव्वीसवरून एकोणतीस इंचांवर गेली. मोठी कंपनी जुने साचे मोडीत काढते आणि पुढे जाते. छोटीला प्रत्येक साच्याचे पैसे वसूल होईपर्यंत श्वास रोखून बसावं लागतं. कार्बनचा साचा टाळायची एक वाट म्हणजे पुन्हा धातू. आयबिसने २०१९ मध्ये आपल्या रिपमो या मॉडेलची ॲल्युमिनियमची आवृत्ती काढली, एएफ नावाची. वजन जास्त, किंमत बरीच कमी.

मग करोना आला. सायकली मिळेनात, कंपन्यांनी भरमसाट मागण्या नोंदवल्या, आणि माल गोदामात पोचेपर्यंत मागणी ओसरली. मोठ्यांनी सवलतीत विकायला सुरुवात केली, की छोट्यांची पूर्ण किंमत कोण देणार? कोना ही १९८८ची सायकल कंपनी २०२२ मध्ये एका मोठ्या समूहाने घेतली. २०२४ मध्ये तिच्या संस्थापकांनीच ती परत विकत घेतली. कोलोराडोतल्या गरिला ग्रॅव्हिटीने २०१९ पासून आपल्या सस्पेन्शनच्या मॉडेलांसाठी फ्रेमचा पुढचा कार्बनचा त्रिकोण एकच ठेवला होता, तोही अमेरिकेत बनवलेला. कल्पना पक्की होती, तरी ती कंपनी टिकली नाही. तिचं जाणं मला फार लागलं.

आयबिसने २०२४ मध्ये त्याच दिशेचं पाऊल टाकलं. रिप्ली आणि रिपमो या दोन मॉडेलांच्या नव्या आवृत्त्यांची फ्रेम एकच, पुढचा त्रिकोण आणि मागचं चाक धरणारा हातही. शॉकला जोडणारा दुवा, शॉक आणि फोर्क बदलले की मागच्या सस्पेन्शनचा प्रवास १३० मिलिमीटरवरून १५० वर जातो. चढावर हलकी पळणारी सायकल आणि दगडधोंड्यांतून बिनधास्त उतरणारी सायकल एकाच साच्यातून निघतात. कमी साचे म्हणजे अडकलेला पैसा कमी, आणि भूमिती पुन्हा बदलली तर नुकसानही कमी.

त्याआधी २०२१ मध्ये शर्यतीसाठीच्या एक्झी या मॉडेलची कार्बन फ्रेम कंपनीने कॅलिफोर्नियात, स्वतःच्या कारखान्यात बनवायला घेतली. सगळी मॉडेलं तिथे बनत नाहीत. पण धागे कसे रचायचे, कुठे किती थर लावायचे हे ज्ञान निदान घरात आलं.

सायकल विकल्यानंतरच्या सांभाळाचंही एक उदाहरण मला विशेष आवडतं. सस्पेन्शनच्या काही सांध्यांत आयबिस बेअरिंगऐवजी इगस कंपनीचे प्लास्टिकचे बुश वापरते. बोटाच्या पेराएवढी वस्तू. चिखलात, पाण्यात फिरून झिजते आणि मग सांधा खुळखुळू लागतो. हे बुश झिजले तर मूळ मालकाला ते कंपनीकडून फुकट बदलून मिळतात, सायकल त्याच्याकडे असेपर्यंत.